पॅनल गेला, असं म्हणायचं नाही

माझ्या दुकानात दोन शब्दांना बंदी आहे. 'पॅनल गेला.' गिऱ्हाईक बोललं तर मी ऐकून घेते, कारण त्याला ते कुणीतरी शिकवून पाठवलेलं असतं. पण कारागिरानं टीव्ही उघडण्याआधी ते बोलायचं नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या एका गृहस्थांनी हे वारंवार केलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुम्ही ज्योतिषाचं दुकान काढा. तिथं न उघडता सांगतात." ते रागावून गेले. आता नवे टीव्ही विकतात आणि त्यांचं उत्तम चाललंय. माझं तसं चाललेलं नाही, पण चाललंय.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून माझा गाळा आहे. टीव्ही म्हणजे पोट सुटलेला डबा होता, तेव्हापासून मी हे काम करते. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या वर्गात पहिल्या दिवशी गेले, तर सरांनी मला प्रेमानं शिवणकामाच्या वर्गाचा रस्ता सांगितला. मी म्हटलं, "सर, तो मला माहीत आहे. तिथूनच आले." त्यांनी मग मला शेवटच्या बाकावर बसवलं. सोल्डरिंग चांगलं जमायला लागल्यावर पुढं बोलावलं, हेही सांगायला हवं.

या अंकासाठी अनुभव लिहून द्या, असं सांगायला संपादकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "कुणाचे, माझे की टीव्हीचे?" ते हसले. मी गमतीनं विचारलं नव्हतं. लोकांना टीव्हीचं फार ऐकायचं असतं, तो दुरुस्त करणाऱ्या बाईचं नसतं. अजूनही फोन येतात ते असे:

"जरा मेकॅनिकला द्या."

"बोला, मीच."

"नाही हो बाई, टीव्ही बघणारे जे असतील त्यांना द्या."

"बघणारे तुम्ही. दुरुस्त करणारी मी."

दुकानात येतात ते आधी काउंटरच्या मागे डोकावतात. "साहेब कुठे आहेत?" मी सांगते, साहेब घरी आहेत, त्यांच्या हातची आमटी फार छान होते, पण टीव्हीतलं त्यांना काही कळत नाही. हे अक्षरशः खरं आहे. माझे यजमान निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे स्वयंपाकघर त्यांचं आहे आणि मी तिथं ढवळाढवळ करत नाही.

आता थोडं कामाचं सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. आजचा चपटा टीव्ही म्हणजे पुढं एक काच आणि तिच्या मागं दिव्यांच्या पट्ट्या. काचेवर चित्र उमटतं, पण काचेला स्वतःचा उजेड नाही, तो मागून येतो. आवाज येतोय पण पडदा काळा आहे, असं कुणी सांगितलं, तर मी फोनवरच सांगते की खोली अंधारी करा आणि पडद्यावर जवळून बॅटरी मारा. पुसटशी माणसं हलताना दिसली तर काच जिवंत आहे, मागचे दिवे गेलेत. दिवे बदलता येतात. एवढ्यासाठी लोकांनी धडधाकट टीव्ही भंगारात दिलेले मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो.

काच आणि दिव्यांखेरीज एक छोटं कार्ड असतं, काचेवर कुठं काय काढायचं हे सांगणारं. ते बिघडलं किंवा त्याची पट्टी सैल झाली की माणसांचे चेहरे निळे-जांभळे होतात, फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. मंडईतल्या एका फळांच्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यावर असा टीव्ही होता. मी विचारलं, "कधीपासून असं दिसतंय?" म्हणाले, "बरेच दिवस झाले. आम्हाला वाटलं, बातम्या देणाऱ्याचीच तब्येत बरी नाही." मागचं झाकण काढलं तर आत झुरळांचा संसार. आंब्याच्या पेट्यांमधून आली होती आणि टीव्हीच्या उबेला राहिली होती. पट्टी काढली, पुसली, परत बसवली, आणि बातम्या देणारा ठणठणीत झाला. शेठ थोडे खट्टू झाले, कारण आता त्या बातम्या नीट दिसायला लागल्या होत्या.

सगळे टीव्ही वाचत नाहीत. चेंडू बसून काच फुटली तर ती फुटली, मग माझ्या जिद्दीचा उपयोग नाही. काही टीव्ही असे बनवलेत की ते उघडूच नयेत अशीच बनवणाऱ्याची इच्छा दिसते, सगळं डिंकानं चिकटवलेलं. काहींचे सुटे भाग यायचे बंद झालेत. अशा वेळी मी टीव्ही परत देते आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. घरी गेल्यावर यजमान विचारतात, "आज कोण गेलं?" तेवढ्यावरून त्यांना कळतं.

पण उभ्या रेघांचं वेगळं आहे. पडद्यावर रंगीत उभ्या रेघा आल्या की सगळे एकमुखानं म्हणतात, पॅनल गेला. आणि या रेघांचा आमच्याकडे एक हंगाम असतो. तो दसऱ्यानंतर सुरू होतो.

खंडेनवमीला, दसऱ्याला आपण हत्यारं पूजतो. शेतकरी विळा-खुरपं मांडतो, सुतार रंधा मांडतो, मी मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची कांडी मांडते. ज्यांच्याकडे हत्यार राहिलेलं नाही ते गाडी पूजतात, मिक्सर पूजतात, आणि टीव्ही पूजतात. फूल पाण्यात बुडवायचं, पडद्यावर शिंपडायचं, मधोमध हळदीकुंकवाची बोटं ओढायची, वर झेंडूची माळ. दिसतं फार सुरेख. पण पाणी काचेवरून घसरत खालच्या चौकटीत शिरतं. तिथं, काचेच्या खालच्या काठाला, काच आणि कार्ड जोडणाऱ्या अगदी पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यात ओल गेली की तांबं गंजतं, आणि सोनं वाटून होतंय न होतंय तोच पडद्यावर रेघा उभ्या राहतात.

अशाच एका दसऱ्यानंतर मला मांजरीहून फोन आला.

"बाई, टीव्हीवर रेघा आल्यात. कंपनीचा मानूस म्हनला, प्यानल गेला. त्यानं उगाडला बी न्हाय, नुस्ता फोटू काढला. तुमी येता का? पर दुपारच्या आत या. टेंपो यायचा हाय."

या आक्का. त्यांचं नाव वेगळं असणार, पण घरात आणि वस्तीवर सगळे आक्काच म्हणतात. टेंपो कसला, ते मला तिथं गेल्यावर कळलं. मी स्कूटर काढली आणि खराडी, मुंढवा करत गेले. घर नवं, दुमजली. मागं थोडा ऊस अजून उभा आणि पुढं त्याच्यापेक्षा दाट इमारती. आक्कांच्या हातावर खुरप्याचे जुने घट्टे होते. त्यांनी मला थेट पुढच्या खोलीत नेलं आणि आधी पाणी दिलं. 'मेकॅनिक कुठं आहे' असं विचारलं नाही, हे मी लगेच नोंदवलं.

टीव्ही भिंतीवर होता. चित्र हलत होतं, पण उजवा भाग रेघांनी भरला होता, हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या. समोर मोठी सतरंजी अंथरलेली, पाठी टेकून टेकून मागच्या भिंतीवर डाग पडलेला.

आक्कांचा मुलगा दत्ता जमिनीचे व्यवहार करतो. तो बाहेरून आला, मला पाहून थबकला, आणि म्हणाला, "ताई, कशाला त्रास घेताय? नवीन टीव्ही येतोय दुपारी. हा एक्सचेंजमध्ये चाललाय. वरच्या हॉलला मोठा टीव्ही लावतोय, सगळे तिथंच बसू."

"आन् ही खोली?" आक्का म्हणाल्या. उत्तर त्यांना माहीत होतं, त्या मला ऐकवत होत्या.

"हितं ऑफिस करायचंय. रस्त्यालगत आहे, पार्टी येते, चार लोक बसतात. आक्काला मागची खोली दिलीय की, चांगली आहे."

मुलगा वाईट नव्हता. आईला खायला-प्यायला काही कमी नव्हतं. पण आक्कांच्या सुनेनं, म्हणजे दत्ताच्या बायकोनं, शीतलनं, मला चहा देताना हळूच बाकीचं सांगितलं. माझा नंबरही तिनंच शोधला होता. जमीन विकली तेव्हा पैशाच्या वाटण्या झाल्या, गाड्या आल्या, घर झालं. आईला विचारलं, तुला काय हवं? आक्का म्हणाल्या, पुढच्या खोलीत टीव्ही पाहिजे आणि माझ्या बायका तिथं बसल्या पाहिजेत. त्यांच्या बायका म्हणजे ज्या त्यांच्याबरोबर आयुष्यभर रानात खुरपायला जायच्या. रान गेलं, बांध गेला, जिथं बसून भाकरी खायच्या ते झाडही गेलं. दुपारी सगळ्या या सतरंजीवर येतात. टीव्ही लावतात आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलतात. जिना चढून सुनेच्या बैठकीत, सोफ्यावर, यातली एकही येणार नाही हे दत्ता सोडून सगळ्यांना कळत होतं.

म्हणजे हा टीव्ही गेला की खोली जाणार, आणि खोली गेली की बायका जाणार. मी पेचकस काढला.

"ताई, एक मिनिट," दत्ता म्हणाला. "उघडताना काच तडकली तर? मग एक्सचेंजला पण कोण घेणार नाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ही काच पापडासारखी असते. एका कोपऱ्याला चुकीचा जोर लागला की संपलं. मी आक्कांना तसंच सांगितलं. "हा खरं बोलतोय. तडकली तर मला जोडता येणार नाही."

"आन् न उगाडता दिला तर?"

"तर गेलाच."

"मंग उगाड," आक्का म्हणाल्या. आणि आपली गोधडी आणून सतरंजीवर पसरली.

शीतलनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. टीव्ही गोधडीवर उतरवला. स्क्रू काढले, मागचं झाकण काढलं, चौकट सोडवली. या वेळी मी कुणाशी बोलत नाही आणि माझ्याशी कुणी बोललेलं चालत नाही. दत्तानं दोनदा घड्याळ बघितलं. मी मान वर केली नाही.

चौकटीची खालची पट्टी उघडली आणि शीतल म्हणाली, "अगंबाई, हळद."

हळदच होती. पातळ पट्ट्यांवर वाळून चिकटलेली, पिवळी, आणि तिच्याखाली तांबं काळपट हिरवं झालेलं. आक्का वाकून बघत होत्या. त्यांनी ती हळद बघितली, मग स्वतःचं बोट बघितलं.

"म्याच पूजा केली," त्या म्हणाल्या. "खुरपं तर आता न्हाय. मंग ह्योच मांडला. पानी बी मीच शिपडलं."

दत्ता हसला. "बघा! स्वतःच मारला आणि आता वाचवायला ताईंना बोलावलंय."

मी बोलणार होते. मला राग आला की तो जिभेवर यायला वेळ लागत नाही. पण आक्कांनी मला संधी दिली नाही.

"तू दसऱ्याला गाडीम्होरं नारळ फोडलास," त्या शांतपणे म्हणाल्या. "करवंटी उडाली आन् काच तडाकली. तवा गाडी इकलीस, का काच बदललीस?"

शीतल चहाचे कप घेऊन घाईघाईनं आत गेली. तिचे खांदे हलताना मी पाहिले. दत्तानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

मी कामाला लागले. आमच्याकडे स्पिरिटसारखं उडून जाणारं एक द्रावण असतं. मऊ ब्रशनं ते लावत, टिपत, परत लावत हळद आणि गंज काढायचा. घाई केली तर पट्टीच निघून येते. मग वाळवायचं. शीतलनं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं आणि गार वाऱ्यावर मी पट्ट्या वाळवायला घेतल्या. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

टेंपो आला होता. दोघं जण दोऱ्या घेऊन आत आले आणि नेहमीच्या सवयीनं गोधडीकडे वळले.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"मॅडम, साहेबांनी पिकअपला बोलावलंय."

"साहेब बोलावतील. टीव्हीचं पोट उघडं आहे. उचललात तर काच तुमच्या हातात येईल, आणि मी साक्षीदार आहे."

दत्ता म्हणाला, "ताई, बास झालं आता. द्या तसाच."

त्या वेळी मी उठून टीव्ही आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहिले. हे माझं घर नव्हतं, टीव्ही माझा नव्हता, आणि भांडण तर मुळीच माझं नव्हतं. तरी उभी राहिले. इतकी वर्षं लोक मला सांगत आलेत की हे आता टाकून द्यायचं, नवं घ्यायचं, बाई तू कशाला डोकं लावतेस. त्या सगळ्यांना जे सांगायचं राहिलं होतं ते मी दत्ताला सांगितलं. "टीव्ही चालू करून बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. गेला असेल तर मी स्वतः टेंपोत ठेवून देईन."

आक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. टेंपोवाले दारातच बसले. त्यांना काय, उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं.

टीव्ही भिंतीला टेकवून उभा केला आणि वीज दिली. रेघा कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. मी ब्रशच्या रबरी मुठीनं एकेक पातळ पट्टी हलकेच दाबून बघितली. दाबलं की रेघा जात, सोडलं की येत. मला याहून चांगली बातमी नको होती. काच मेलेली असती तर दाबून फरक पडला नसता. म्हणजे जोड सैल होता, आणि सैल जोडाला आधार देता येतो. माझ्या पिशवीत सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या कायम असतात. त्यातली एक त्या पातळ पट्ट्यांमागं बसवली, चौकट वरून आवळली आणि परत वीज दिली.

पडदा स्वच्छ होता. उजव्या कडेला फक्त एक हिरवी रेघ उरली होती, सुतासारखी.

मी आणखी थोडी खटपट केली. ती काही हटेना. तिथलं तांबं पुरतं खाल्लं गेलं होतं.

"रेघ राहिलीच की," दत्ता म्हणाला.

"राहिली," मी म्हटलं. "आणि ती जाणार नाही. खोटं कशाला सांगू?" खरं तर मला ती रेघ टोचत होती. आपलं काम असं अपुरं समोर दिसलेलं कुणाला आवडतं?

आक्का सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसल्या. भिंतीवरच्या त्या डागाला पाठ टेकली. रेघेकडे थोडा वेळ बघितलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माज्या नावाची एवडी बी रेघ न्हवती कवा. ही मला चालती." मग दाराकडं वळून टेंपोवाल्यांना म्हणाल्या, "नवा वर न्या, पोरांनो. ह्या खोलीतनं काय बी जानार न्हाय."

दत्तानं एकदा आईच्या तोंडाकडे बघितलं. मग बाहेर जाऊन दुकानाशी फोनवर बराच वेळ भांडला, कारण कुणाशीतरी भांडणं त्याला भाग होतं. नवा टीव्ही वर गेला. मी हत्यारं आवरेपर्यंत दारात दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय गं, लागला का?" एकीनं विचारलं. आक्का म्हणाल्या, "लागला, लागला. चपला भाईर काढा."

पुढच्या दसऱ्याला आक्कांनी मला बोलावलं. टीव्हीला काही झालेलं नव्हतं. पुढची खोली तशीच होती, बायका बसलेल्या, त्यांचा कालवा चाललेला. दत्ताचं ऑफिस घराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये निघालं होतं आणि त्यानं मला तिथूनच, जरा लांबून, नमस्कार केला. टीव्ही कोरडा होता. माळ होती ती शेजारच्या खिळ्याला.

समोर पाट मांडला होता, पण पाट मोकळा.

"हत्यार कुटं हाय तुमचं?" आक्कांनी विचारलं.

मी पिशवीतून पेचकस काढून दिला. आयटीआय सुटल्यावर घेतलेला, लाकडी मुठीचा. त्यांनी तो पाटावर ठेवला, पाणी शिंपडलं, हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग बायकांना म्हणाल्या, "पाया पडा गं." आणि त्या सगळ्या, एकेक करून, माझ्या पेचकसाच्या पाया पडल्या. मी कुठं बघावं मला कळेना. मी टीव्हीतल्या हिरव्या रेघेकडे बघत राहिले आणि डोळे पुसले.

पेचकस परत देताना आक्का म्हणाल्या, "मुठीवरची हळद पुसू नगा."

पुसलेली नाही. आता दुकानात कुणी येऊन माझ्या खांद्यावरून मागं डोकावतं आणि विचारतं, "मेकॅनिक कुठं आहेत?", तेव्हा मी तो पेचकस उचलते आणि त्यांचा टीव्ही उघडायला घेते.